कलम ६४-अ आणि सतरा वर्षांचा मुलगा

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोघांचा जीव घेतला. गाडी चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा होता आणि त्याआधी तो मित्रांबरोबर दारू प्यायला होता, असा पोलिसांचा आरोप. काही तासांतच बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला. त्या जामिनाची एक अट देशभर गाजली : रस्ता अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिही. लोक आधी हसले, मग संतापले. तीन दिवसांत मंडळाने आदेश फिरवून मुलाला निरीक्षणगृहात धाडले आणि जूनच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने ती रवानगीच बेकायदा ठरवून त्याला सोडायला लावले. या गदारोळात पहिल्या आदेशातली आणखी एक अट निबंधाच्या शेजारी बसल्यामुळे उगाचच थट्टेचा विषय झाली. दारू सुटावी म्हणून डॉक्टरांकडे जा, मानसोपचारतज्ज्ञाकडून समुपदेशन घे आणि अहवाल सादर कर, अशी ती अट होती.

ती अट कुणाच्या लहरीतून आलेली नव्हती. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम १८ मध्ये मंडळाने मुलाबाबत कोणकोणते आदेश द्यावेत हे सांगितले आहे. समज देऊन घरी पाठवणे, गटात समुपदेशन, समाजसेवा, चांगल्या वर्तनाच्या हमीवर सुटका, आणि सगळ्यात शेवटी विशेषगृहात जास्तीत जास्त तीन वर्षे. यांच्या जोडीला मंडळ शाळेत जायला सांगू शकते, अमुक ठिकाणी फिरकू नको असे बजावू शकते आणि व्यसनमुक्तीचे उपचार घ्यायलाही लावू शकते. म्हणजे उपचाराचा मार्ग कायद्याच्या पुस्तकात छापलेलाच आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. एका रात्रीत, मुलाला नीट तपासण्याआधीच उपचार लिहून दिला गेला. त्याला खरोखर व्यसन आहे का, असले तर कशाचे आणि किती, हे कुणी पाहिले? तुरुंगाऐवजी उपचार या कल्पनेवर आपल्याकडे जो काही वाद होतो, त्यात हाच प्रश्न सर्वांत कमी वेळा विचारला जातो.

थोडे मागे जाऊ. एनडीपीएस या नावाने ओळखला जाणारा अमली पदार्थविरोधी कायदा नोव्हेंबर १९८५ मध्ये लागू झाला. मुंबई-पुण्यात तेव्हा गर्दचा धुमाकूळ होता. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर. तिच्या पुड्या पानाच्या टपरीवर मिळत आणि चांगल्या घरातली, कॉलेजात जाणारी मुले महिन्या-दोन महिन्यांत घरातली भांडी विकायच्या पायरीला येत. अनिल अवचटांनी या मुलांवर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांनी दिलेल्या देणगीतून आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारातून २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. एका बाजूला केंद्र सरकारचा कडक कायदा आणि दुसऱ्या बाजूला मनोरुग्णालयाच्या आवारातले हे घर. दोन्ही एकाच वर्षाच्या आगेमागे जन्माला आले, पण एकमेकांशी बोलायला त्यांना बराच काळ लागला.

मूळ कायदा कडक होता आणि आंधळाही. स्वतःसाठी जवळ बाळगलेला थोडासा माल असेल तर सहा महिने किंवा एक वर्ष. त्या ‘थोडासा’च्या जरा वर गेले की बहुतेक पदार्थांना एकदम किमान दहा वर्षे. मधली पायरीच नाही. आणि माल स्वतःसाठीच होता हे सिद्ध करायचे आरोपीने. नशा करणारा आणि नशा विकणारा यांच्यात फरक करायला न्यायाधीशाच्या हाती फारसे काही नव्हते. प्रत्यक्षात तर अनेकदा दोघे एकच असतात. स्वतःची पुडी सुटावी म्हणून गर्दुल्ला आणखी दोघांना पुड्या पोचवतो. असा माणूस विक्रेता धरायचा की रुग्ण, याचे उत्तर ग्रॅममध्ये मिळत नाही.

१९८९ मध्ये दुरुस्ती झाली आणि तिच्यात दोन टोके एकत्र आली. मोठ्या प्रमाणातल्या तस्करीत दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला सक्तीची फाशी (ही सक्ती मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये घटनाबाह्य ठरवली), आणि त्याच दुरुस्तीत कलम ६४-अ : व्यसनी माणूस आपणहून उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालणार नाही. मात्र ही सवलत आयुष्यात एकदाच मिळणार होती. कायदा करणाऱ्यांना व्यसन म्हणजे गोवरासारखा आजार वाटला असावा, एकदा येऊन गेला की संपला. २००१ च्या दुरुस्तीने ही ‘एकदाच’ची अट गेली. मालाचे प्रमाणही तीन पायऱ्यांत विभागले गेले : अल्प, मधले आणि व्यापारी. हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत अल्प, २५० ग्रॅमपासून व्यापारी. गांजा १ किलोपर्यंत अल्प, २० किलोपासून व्यापारी. अलीकडे महाराष्ट्रात ज्याच्या बातम्या रोज येतात ते मेफेड्रोन, म्हणजे एमडी, २ ग्रॅमपर्यंत अल्प आणि ५० ग्रॅमपासून व्यापारी.

आजचे ६४-अ साध्या भाषेत असे आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा दाखल झालेला व्यसनी माणूस सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात स्वेच्छेने उपचार घेईल आणि ते पुरे करील, तर त्याच्यावरचा खटला थांबतो. उपचार अर्धवट सोडले तर संरक्षण काढून घेता येते. याला जोडूनच कलम ३९ आहे. गुन्हा सिद्ध झाल्यावरसुद्धा न्यायालय त्या माणसाचे वय, चारित्र्य, पूर्वेतिहास आणि शारीरिक-मानसिक अवस्था पाहून, त्याच्या संमतीने, शिक्षा न सुनावता त्याला उपचारासाठी सोडू शकते. वर्षभरात उपचाराचा अहवाल आणायचा. तो समाधानकारक असेल तर समज देऊन, जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर सुटका. सर्वसाधारण परिवीक्षेचे दार या कायद्याने बहुतेकांना बंद केले आहे, पण अठरा वर्षांखालच्या मुलांना आणि निव्वळ सेवनाच्या गुन्ह्याला ते मोकळे ठेवले आहे.

तरतुदी चांगल्या आहेत. वापराचे काय? मुंबईत २००१ मध्ये कोकेनच्या प्रकरणात अटक झालेले अभिनेते फरदीन खान यांना २०१२ मध्ये विशेष न्यायालयाने याच ६४-अ खाली संरक्षण दिले. त्यांनी केईएम रुग्णालयात उपचार घेतले होते. न्यायालयाने कायद्याप्रमाणेच केले, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र अटकेपासून त्या आदेशापर्यंत अकरा वर्षे गेली. नावाजलेल्या माणसाला, वकिलांची फौज असताना, एवढा वेळ लागतो. मग फलाटावर राहणाऱ्या, आधार कार्डही नसलेल्या मुलाच्या वतीने ६४-अ चा अर्ज कोण लिहिणार? पोलीस ठाण्यात त्याला हे कलम कुणी सांगत नाही आणि कायद्यानेही ते सांगण्याची सक्ती कुणावर केलेली नाही.

आणखी एक गाठ आहे, आणि ती जास्त विचित्र आहे. ६४-अ चा लाभ फक्त व्यसनीला आहे आणि कायद्यात व्यसनी म्हणजे ज्याला त्या पदार्थाचे अवलंबित्व आहे असा माणूस. आता दोन मुले डोळ्यांसमोर आणा. एक रोज एमडी घेतो, त्याशिवाय त्याला झोप लागत नाही. दुसऱ्याने मित्राच्या वाढदिवसाला पहिल्यांदा जॉइंट ओढला आणि नेमका तेव्हाच पकडला गेला. पहिला आजारी आहे म्हणून वाचू शकतो. दुसरा आजारी नाही, म्हणून त्याच्यासाठी हे कलमच नाही. वाचायचे असेल तर त्याने ‘मी व्यसनी आहे’ असे न्यायालयाला पटवून द्यायचे आणि जे दुखणे त्याला नाही त्याचे उपचार घ्यायचे. वकील हा सल्ला देतात, पालक मान्य करतात आणि केंद्रात एक खाट अडते.

पोर्तुगालने ही गाठ सोडवली आहे. त्या देशाने १ जुलै २००१ पासून स्वतःपुरता, म्हणजे सरासरी दहा दिवस पुरेल एवढा अमली पदार्थ बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून काढले. तो कायदेशीर केला नाही, हे लक्षात घ्या. विकणारा आजही तुरुंगातच जातो. पकडलेल्या माणसाला न्यायालयाऐवजी तिघांच्या एका आयोगापुढे बसवतात. तिथे कायदा, आरोग्य आणि समाजकार्य या बाजूंची माणसे असतात आणि त्यांचे पहिले काम म्हणजे समोरचा अवलंबित आहे की नाही हे ठरवणे. अवलंबित नसेल आणि पहिलीच वेळ असेल, तर प्रकरण तिथेच स्थगित होते. अवलंबित असेल तर उपचाराकडे वळवतात. सगळी शहाणीव या क्रमात आहे. आधी माणूस बघायचा, मग त्याचे काय करायचे ते ठरवायचे.

हे बघणे फार अवघड नसते. किशोरवयीन मुलांसाठी बॉस्टनच्या बालरुग्णालयात क्रॅफ्ट नावाची सहा प्रश्नांची चाचणी तयार झाली. नशा केलेल्या कुणाच्या, किंवा तू स्वतः नशेत असताना चालवलेल्या, गाडीत कधी बसलास का, हा तिचा पहिला प्रश्न. पुढे, मन हलके व्हावे किंवा मित्रांत सामावून जावे म्हणून घेतोस का? एकटा असताना घेतोस का? घेतल्यावर काय केलेस ते विसरतोस का? घरचे किंवा मित्र कमी कर म्हणतात का? नशेपायी कधी अडचणीत आलास का? दोन किंवा अधिक प्रश्नांना ‘हो’ असेल तर सखोल तपासणी करायची. ‘एकटा असताना’ या प्रश्नात बरेच काही आहे. टोळक्यात घेणारा मुलगा अनेकदा टोळके सुटले की थांबतो. दार लावून एकट्याने घेणाऱ्याचे तसे नसते. दहा मिनिटांचे हे काम आहे. बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्याबरोबर दोन समाजकार्यकर्ते बसतात, त्यांतली एक तरी स्त्री असावी लागते. अशी तपासणी करायला याहून योग्य जागा कोणती?

मुलांना मोठ्यांपेक्षा वेगळे का वागवायचे, याला दयेखेरीज दुसरेही कारण आहे. मेंदूचा पुढचा भाग, जो थांब म्हणतो, परिणामांचा हिशेब मांडतो, तो पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. बक्षीस आणि थरार शोधणारी यंत्रणा मात्र त्याच्या कितीतरी आधी जोरात सुरू झालेली असते. त्या वयात व्यसन लवकर जडते, आणि दूरच्या शिक्षेची भीती त्या वयात फार कमी काम करते. गंमत म्हणजे आपल्याच राज्याने हे दुसऱ्या संदर्भात मान्य केले आहे. महाराष्ट्रात बिअर प्यायला २१ आणि कडक दारू प्यायला २५ वर्षे पुरी लागतात. बारच्या दारावर आपण तरुणाला पंचविशीपर्यंत कच्चा समजतो, पण पुडी सापडली की अठराव्या वाढदिवसालाच पुरता पिकलेला धरतो.

भीती कमी काम करते याचा पुरावा अमेरिकेतून आला, तोही जिथे या कल्पनेचे सर्वाधिक कौतुक झाले तिथूनच. १९८९ मध्ये फ्लोरिडातल्या मायामीत पहिले ‘ड्रग कोर्ट’ सुरू झाले. कोकेनच्या खटल्यांनी तुरुंग भरून वाहत होते. आरोपीने ठरावीक काळ उपचार घ्यायचे, वेळोवेळी लघवीची तपासणी द्यायची आणि दर थोड्या दिवसांनी त्याच न्यायाधीशापुढे उभे राहायचे. नीट चालले तर शाबासकी, चुकले तर एक-दोन दिवस कोठडी, पार पडले तर खटला रद्द. ही पद्धत झपाट्याने पसरली आणि किशोरांसाठीही अशी न्यायालये निघाली. २०१२ मध्ये दीडशेहून अधिक मूल्यमापनांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. मोठ्यांच्या न्यायालयांत पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण ५० टक्क्यांवरून सुमारे ३८ वर आले होते. किशोरांच्या न्यायालयांत मात्र ते ५० वरून साधारण ४३-४४ पर्यंतच उतरले. म्हणजे उपयोग झाला, पण जेमतेम.

असे का व्हावे? मोठ्यांसाठी शिवलेला सदरा मुलांच्या अंगावर चढवला गेला, हे मला त्याचे मुख्य कारण वाटते. तिथे येणारी कितीतरी मुले अवलंबित नव्हतीच. चाळिशीतल्या कोकेनबाजाला नोकरी आणि बायको-मुले परत मिळवायची असतात. पंधरा वर्षांच्या मुलाने अजून काही गमावलेलेच नसते, मग तो कशासाठी धडपडेल? शिवाय मुलगा ज्या घरात आणि गल्लीत राहतो ती बदलण्याची ताकद त्याच्यात नसते. स्कॉट हेंगलर या मानसशास्त्रज्ञाच्या गटाने दक्षिण कॅरोलिनात किशोर न्यायालयाला कुटुंबाच्या उपचाराची जोड देऊन पाहिली. समुपदेशक मुलाच्या घरी जायचा, आई-वडिलांबरोबर बसायचा, शाळेशी बोलायचा. तिथे नशा कमी झाली. व्यसनमुक्तीत काम करणाऱ्या कुणालाही हे ऐकून नवल वाटणार नाही. घर बदलले नाही आणि मुलगा तेवढा बदलून आला, की तो पुन्हा त्याच कोपऱ्यावर उभा दिसतो, हे ते रोज बघतात.

सक्तीने उपचार होतात का, हा प्रश्न नेहमी येतो. मनातून आल्याशिवाय व्यसन सुटत नाही, असे आपण म्हणतो. पूर्ण खरे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेने आपल्या उपचारतत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे की उपचार स्वेच्छेने घेतलेले असलेच पाहिजेत असे नाही. कोर्टाचा, घरच्यांचा, नोकरीचा रेटा माणसाला दारापर्यंत आणतो आणि आत टिकवूनही ठेवतो. मन अनेकदा मागून येते. पण त्याच तत्त्वांत दुसरे वाक्य आहे : नव्वद दिवसांपेक्षा कमी काळ चाललेल्या उपचाराचा परिणाम तोकडा असतो. दाखल होऊन राहण्याचा काळ पाच आठवड्यांचा असेल, तर खरे काम त्यानंतर सुरू होते : दर आठवड्याचा फॉलो-अप, गटाच्या बैठका, घरच्यांच्या वेगळ्या बैठका. शरीरातले विष उतरवणे, ज्याला डिटॉक्स म्हणतात, ते एक-दोन आठवड्यांत उरकते आणि तोच उपचार समजून अनेक पालक मुलाला घरी घेऊन जातात.

रिलॅप्सचेही तसेच. मुलगा चार महिने नीट राहतो आणि गणपतीत पुन्हा घेतो. डॉक्टरला हा आजाराचा ओळखीचा टप्पा वाटतो आणि तो औषध किंवा पद्धत बदलतो. कोर्टाला तो अटीचा भंग वाटतो. ६४-अ मध्ये ‘उपचार पुरे केले’ याचा अर्थ काय हे सांगितलेले नाही. पुन्हा घेतले की उपचार अपुरे, असा अर्थ एखादा न्यायाधीश लावू शकतो. त्यात तुरुंगाचा एक धोका मिसळा. हेरॉइन घेणारा माणूस काही महिने आत राहिला की त्याच्या शरीराची सहनशक्ती उतरते. बाहेर आल्यावर तो जुन्या मापाने सुई टोचतो आणि मरतो. सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जीवघेणे, हे अनेक देशांत नोंदले गेले आहे.

आपल्याकडे मुळात उपचार मिळतात किती जणांना? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सरकारला मुलांच्या व्यसनांचे राष्ट्रीय सर्वेक्षण करायला सांगितले. दिल्लीच्या एम्सने केलेला देशव्यापी अहवाल २०१९ मध्ये आला. दारूचे अवलंबित्व असलेल्या ३८ जणांमागे एकाला कसलातरी उपचार मिळाला होता. बेकायदा पदार्थांच्या बाबतीत विसांत एकाला. आणि एकच पदार्थ असा निघाला ज्यात मुलांनी मोठ्यांना मागे टाकले : हुंगायचे पदार्थ. दहा ते सतरा वयोगटात १.१७ टक्के मुले ते वापरत होती, मोठ्यांत ०.५८ टक्के. म्हणजे सोल्युशन, व्हाइटनर, थिनर. रुमालाला लावून नाकाशी धरायचा हा माल कुठल्याही स्टेशनरीच्या किंवा सायकलच्या दुकानात मिळतो आणि एनडीपीएसच्या यादीत बसत नाही. हे हुंगणारा मुलगा त्यासाठी पकडला जात नाही, मोबाइल चोरताना पकडला जातो. कागदावर फक्त चोरी येते. हेरॉइनसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखे पर्यायी औषध तरी आहे. सोल्युशन किंवा थिनर हुंगणाऱ्यासाठी असे काही नाही. त्याला लागते ती झोपायला जागा, जेवण, शाळा आणि रोज विचारपूस करणारा एक माणूस.

खाटा कमी म्हटल्यावर दुकाने निघतात. परवाना नसलेल्या केंद्रांत मुलांना कोंडून ठेवणे, मारहाण, काही ठिकाणी मृत्यूसुद्धा, अशा बातम्या देशाच्या अनेक भागांतून येत राहतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने दारू आणि अमली पदार्थांमुळे उद्भवणाऱ्या अवस्था मानसिक आजारात धरल्या. त्यामुळे रुग्णाला साखळी बांधणे हा सरळ कायदेभंग आहे, आणि अल्पवयीन मुलाला मोठ्यांपासून वेगळे ठेवणे व त्याच्याजवळ पालकाला राहू देणे बंधनकारक आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला दहा मोठ्यांच्या वॉर्डात टाकले तर तो घरी येताना नवे पत्ते घेऊन येतो. तुरुंगाबद्दल आपण जे म्हणतो, तेच चुकीच्या केंद्राबद्दलही खरे आहे.

बाल न्याय कायद्याने मोठ्यांच्या जबाबदारीचा भाग मात्र स्पष्ट लिहिला आहे. मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. मुलाकडून अमली पदार्थांची ने-आण किंवा विक्री करवून घेणाऱ्याला कलम ७८ खाली तेवढीच शिक्षा. पुड्या पोचवणारी मुले बहुधा याच दुसऱ्या गटातली असतात. ‘तू लहान आहेस, तुला काही होणार नाही’ असे सांगून त्यांच्या दप्तरात माल ठेवला जातो. अशा मुलाच्या खटल्यात पहिला प्रश्न माल कुणी दिला हा असायला हवा.

अठराची रेघ मात्र फार कठोर आहे. सतरा वर्षे अकरा महिन्यांच्या मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, चोवीस तासांत मंडळापुढे न्यावे लागते, आणि पुढे नोकरीत दोषसिद्धीचा कलंक लागू नये म्हणून त्याच्या नोंदी ठरावीक काळानंतर नष्ट करण्याची तरतूद आहे. अठरा वर्षे एक महिन्याच्या त्याच्याच वर्गमित्राला यातले काहीही मिळत नाही. त्याला उरते ते ६४-अ आणि ३९. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने स्वतःपुरता थोडा माल बाळगणाऱ्यांना तुरुंगाऐवजी उपचाराकडे पाठवावे अशी सूचना केल्याच्या बातम्या आल्या होत्या. कायदा अजून तसाच आहे.

तोवर, घरातला मुलगा पकडला गेलाच तर एवढे करता येते. वकिलाला ६४-अ आणि ३९ ही कलमे आकड्यांनिशी विचारायची, आणि मुलगा अठराच्या आतला असेल तर बाल न्याय कायद्याचे कलम १८. केंद्र सरकारी किंवा सरकारमान्य आहे का, हे दाखल करण्याआधी बघायचे, कारण बाकी कुठल्याही केंद्राचा कागद या कलमांखाली चालत नाही. तपासणीचा लेखी अहवाल मागून घ्यायचा आणि त्यात अवलंबित्व आहे की नाही हे स्पष्ट लिहायला सांगायचे. नसेल, तर खाट अडवायची नाही, समुपदेशनाचा आदेश मागायचा. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ निःशुल्क आहे.